कचऱ्याचा दिवस नसताना

आमच्या इमारतीच्या मागे कचरा ठेवायची जाळीची खोली आहे आणि तिला अगदी लागून किनमोकुसेइचं झाड. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ते फुलतं. फुलं म्हणजे काय, पारिजातकाच्या देठाच्या रंगाचे बारीक दाणे. पण वास असा की पलीकडच्या गल्लीतून माणसाला ओढून आणेल. इथे आलो त्या पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, कोणाच्या तरी घरी जर्दाळूचा मुरंबा शिजतोय. इतकं छान झाड नेमकं कचऱ्याच्या खोलीशेजारी कोणी लावलं, असं मी एकदा खालच्या म्हातारबांना विचारलं. ते म्हणाले, पूर्वी संडासाजवळ मुद्दाम लावायचे. बरं.

इथे प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याचा वार ठरलेला असतो. आज सकाळी जाळायच्या कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरलो आणि तो वास आला. पिशवी ठेवली, वर जाळं पसरलं, कावळ्यांनी फाडू नये म्हणून कडेला विटा ठेवल्या आणि उगाचच उभा राहिलो. कचरा टाकणं हे आमच्या घरात पहिल्यापासून माझं खातं. शुभदा, म्हणजे माझी बायको, सगळ्यांना सांगते की न सांगता हा एवढं एकच काम करतो. का करतोस असं कोणी विचारलं, तर मी म्हणतो, व्यायाम होतो.

हा वास आला की मला तो एकच ऑक्टोबर आठवतो. मुक्ता तेव्हा नववीत होती.

नववी म्हणजे इथे माध्यमिक शाळेचं शेवटचं वर्ष. पुढच्या तीन वर्षांसाठी नवीन शाळा शोधायची, तिची परीक्षा द्यायची, आणि त्या वर्षभरात घराघरांतून माणसं हळू आवाजात बोलतात. आम्ही नागोयात, भारतीय शाळा होती ती तोक्योत. त्यामुळे मुक्ता पहिलीपासून घरामागच्या सरकारी जपानी शाळेत गेली. जपानी तिचं, मराठी आमचं, आणि जेवताना जे काही बोललं जायचं ते तिघांचं. मी प्रश्न मराठीत विचारायचो, उत्तर जपानीत यायचं. शुभदा म्हणायची, कळतंय ना? मग झालं तर.

आमच्या डोक्यात शाळा ठरलेली होती. सबवेने चार स्टेशनं, चांगलं नाव, संध्याकाळी मुलगी घरी. शनिवारी मी तिथपर्यंत सायकलने जाऊन वेळसुद्धा मोजून आलो होतो. आणि अशात एका संध्याकाळी मुक्ताने जेवणाच्या टेबलावर, आमटीच्या पातेल्याशेजारी, एक रंगीत माहितीपत्रक ठेवलं. शेजारच्या प्रांताच्या सरकारचं हायस्कूल. दक्षिणेला, समुद्रकाठी, आगगाडीने साडेतीन तास. मत्स्यव्यवसाय आणि सागरशास्त्र शिकवणारं. शाळेची स्वतःची बोट. आणि वसतिगृह; बाहेरच्या प्रांतातल्या मुलांसाठी मोजक्या जागा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"इकिताई," ती म्हणाली. जायचंय. बस्, एवढंच.

काय सांगू, मी घाबरलो. पण बापाने ते दाखवायचं नसतं, म्हणून मी हसलो. म्हटलं, "अगं, मासे न खाणारी मुलगी मत्स्यशाळेत जाऊन काय डोंबल करणार?" आमच्या पुण्याच्या घरात अंडंसुद्धा वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या दाराने यायचं. माझ्या मते मुद्दा बिनतोड होता. शुभदा आमटी वाढता वाढता थांबली आणि पुन्हा वाढायला लागली. मी जेवण झाल्यावर कचरा टाकायला खाली गेलो. झाड त्याच आठवड्यात फुललं होतं.

समुद्राचं आमच्या घरात एक होतं. त्या मोठ्या भूकंपाच्या आणि त्सुनामीच्या वर्षी मुक्ता तिसरीत होती. नागोया तसं दूर. पडझड काही झाली नाही. पण आमचा नववा मजला बराच वेळ असा काही डोलत राहिला की टांगलेला दिवा छताला लागायचा बाकी होता. दिवा थांबल्यावर मी जिन्याने खाली धावलो आणि शाळेत गेलो. मैदानावर सगळी मुलं डोक्यावर जाड कापसाच्या टोप्या घालून ओळीत बसली होती. मुक्ता दुसऱ्या ओळीत. मला बघून तिने हात हलवला नाही, कारण बाईंनी सांगितलं होतं, हलायचं नाही. घरी आलो, टीव्ही लावला, आणि पडद्यावर ते पाणी आलं. काळं, गाड्या आणि घरं घेऊन शेतांवरून चाललेलं. मुक्ता माझ्या मांडीला टेकून उभी होती. मी टीव्ही बंद केला. तिला म्हटलं, चल, आपण पत्ते खेळू.

मग पुण्याहून फोनमागून फोन. परत या, काय ठेवलंय तिथे. माझी आई तर फोनवर नुसती रडत होती. मी सगळ्यांना समजावलं आणि संध्याकाळी कचरा टाकून आलो. आम्ही परत गेलो नाही. पण त्यानंतर समुद्रावरही कधी गेलो नाही. मुक्ताच्या वर्गातली मुलं उन्हाळ्यात पोहायला जायची, तेव्हा आम्ही डोंगरात जायचो. हवा चांगली असते, असं मी म्हणायचो.

आता मागे वळून बघताना त्या शरदातली एक गंमत कळते. मुक्ता सात-आठ वर्षांची असल्यापासून आमची जीभ होती. वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर तिची हनुवटी जेमतेम पोचायची, तेव्हापासून ती आमच्या वतीने बोलायची. माझं ऑफिस इंग्रजी आणि आकृत्यांवर चालायचं, शुभदाचं जपानी भाजीबाजारापुरतं. वॉशिंग मशीनवाला, डॉक्टर, कुठला कचरा कुठल्या दिवशी हे तपासणाऱ्या बाई, सगळ्यांशी मुक्ता बोलायची. दातांच्या डॉक्टरांनी एकदा मला बराच वेळ काहीतरी समजावलं. मी मुक्ताकडे पाहिलं. ती म्हणाली, "दुखणार नाही म्हणताहेत." खूप दुखलं. बाहेर आल्यावर तिने कबूल केलं की ते उलटंच सांगत होते, पण बाबा, तुम्ही पळून गेला असतात.

आणि ही एवढी सगळीकडे आमच्या वतीने बोलणारी मुलगी, तिच्या स्वतःबद्दल कोणी काही विचारलं की उत्तर मी द्यायचो. वर्षातून एकदा शाळेत तिघांची बैठक असते: बाई, मूल आणि पालक. बाई तिला विचारायच्या, गणित कसं चाललंय? मी माझ्या मोडक्या जपानीत सांगायचो, गणित छान, जरा आळस करते. बाई हसून मान डोलवायच्या. मुक्ता टेबलाकडे बघत बसायची. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आपल्याकडे पाहुणे मुलाला विचारतात, काय रे, कितवीत? आणि आई स्वयंपाकघरातून ओरडून सांगते, सहावीत! तसंच.

नोव्हेंबरात शाळा पाहायला गेलो. मी सुट्टी काढून आलो होतो ते नाही म्हणायलाच. मी गाड्यांच्या ब्रेकचा इंजिनिअर. गाडी कशी थांबवायची हे माझं काम, आणि शुभदाच्या मते घरातही मी तेच करतो. आगगाडी किनाऱ्याने चालली होती. मुक्ता खिडकीला नाक लावून. मी मधल्या वाटेकडच्या सीटवर. स्टेशनच्या बाहेरच खांबावर निळी पाटी: ही जागा समुद्रसपाटीपासून चार मीटर. पुढच्या खांबावर धावणाऱ्या माणसाचं चित्र आणि टेकडीकडे बाण, म्हणजे लाट आली तर इकडे पळा. मी शुभदाला पाटी दाखवली. ती म्हणाली, "वाचली मी. चल."

वसतिगृह टेकडीच्या उतारावर होतं, हे त्यातल्या त्यात बरं. तरी मी घड्याळ लावून वरच्या देवळापर्यंत चढून आलो. चार मिनिटं. धापा टाकत परत येतो तो अंगणात बायका-मुलं जमलेली आणि मधोमध परात भरून पर्सिमनची फळं. केशरी, कडक, तुरट. ही फळं सोलून, उकळत्या पाण्यात बुडवून, दोरीला बांधून ओसरीवर टांगतात. महिन्याभरात ती वाळून गोड होतात. वसतिगृहाच्या मावशी होत्या ओकामोतो-सान. साठीच्या, ठेंगण्या, कमरेला एप्रन, हात कोपरापर्यंत ओले. त्यांचा एक नियम होता. शाळा पाहायला येईल त्या प्रत्येक मुलाने पाच फळं सोलून टांगून जायची. मूल पुढे इथे येवो न येवो, वाळलेली फळं घरपोच.

मुक्ताने सुरी हातात घेतली मात्र, आणि मी म्हणालो, "दे इकडे, बोट कापशील."

पुढच्या दहा मिनिटांत मी पाचही फळं सोलली. नंतर माझ्यासमोर कोणीतरी ठेवली म्हणून आणखी पाच. आंब्याच्या फोडींवर माझा हात बसलेला आहे, त्यामुळे काम एकदम देखणं झालं. गुळगुळीत, एक ठिपका नाही. आणि घरच्या सवयीप्रमाणे प्रत्येकाचा देठ खोलवर कोरून काढला. ओकामोतो-सान जवळ आल्या, एक फळ उचलून सगळीकडून पाहिलं. "आरा," म्हणाल्या, म्हणजे अगंबाई. मग शेजारच्या मुलीचं फळ मला दाखवलं. त्याच्या डोक्यावर देठ आणि आडव्या काडीचा छोटा तुकडा राखलेला होता. दोरी त्यालाच बांधायची असते. माझी दहाच्या दहा फळं टांगायला जागाच नव्हती.

अंगणात सगळे सभ्यपणे दुसरीकडे बघायला लागले. जपानी माणसं हे फार छान करतात आणि त्याने जास्तच लाज वाटते.

"ओतोसान," ओकामोतो-सान मला म्हणाल्या. मुलाच्या बापाला इथे सगळे ओतोसानच म्हणतात, बाबा म्हणावं तसं. "ओतोसानचा हात सुरेख आहे. पण मला मुक्ता-सानचा हात बघायचा होता."

मुक्ता उठली. आत जाऊन बांबूच्या काड्या घेऊन आली. कुठे असतात हे तिने कधी विचारून घेतलं कोण जाणे. प्रत्येक फळात आडवी काडी खुपसली, काडीला दोरी बांधली, आणि स्टुलावर चढून दहाही फळं ओसरीवर टांगली. मी खाली स्टूल धरून उभा होतो. खरं तर स्टूल धरायचीही गरज नव्हती.

मग आत चहा. लाकडी बुटकं टेबल, एका बाजूला आम्ही तिघं, समोर ओकामोतो-सान. वही-पेन काही नाही. त्या म्हणाल्या, मी प्रत्येक मुलाला तीनच प्रश्न विचारते.

"काय खायला चालत नाही?"

"मासे," मी म्हणालो. "आमच्याकडे मासे खात नाहीत."

"खाते," मुक्ता म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती टेबलाकडे. शाळेच्या दुपारच्या जेवणात बांगडा असायचा, म्हणाली. दुसरीपासून खाते. आवडतो. मी शुभदाकडे वळलो, तर तिला खिडकीबाहेर एकाएकी काहीतरी फार महत्त्वाचं दिसायला लागलं होतं. म्हणजे सात वर्षं या घरात बांगडा सगळ्यांना माहीत होता, मी सोडून!

"सकाळी आपलं आपण उठता येतं?"

"उठते की, सहाला," मी म्हणालो. सवय, दुसरं काय.

"आई उठवायची," मुक्ता म्हणाली. "पण उन्हाळ्यापासून मी गजर लावून उठते. इथे यायचं म्हणून सराव."

उन्हाळ्यापासून. म्हणजे ते माहितीपत्रक माझ्या आमटीशेजारी येण्याच्या तीन महिने आधीपासून. शुभदाने टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मराठीत, हळूच, पण स्पष्ट म्हणाली, "आता जरा गप्प बस."

"रडू आलं तर कोणाला सांगतेस?"

मी तोंड उघडलं होतं. खोटं कशाला सांगू, उघडलंच होतं. पण उत्तरच नव्हतं. माझी मुलगी रडू आलं तर कोणाला सांगते, हे मला ठाऊक नव्हतं. ब्रेकची पट्टी कितव्या वळणावर तापेल हे मी झोपेतही सांगेन. पण हे ठाऊक नव्हतं. मी तोंड मिटलं.

"सांगत नाही," मुक्ता म्हणाली. मग तिच्या त्या स्वच्छ, भराभर जपानीत बोलायला लागली, आणि दुभाष्याशिवाय मला त्यातला शब्द न् शब्द कळला. "भूकंपाच्या दिवशी बाबांनी टीव्ही बंद केला. त्यानंतर आम्ही समुद्रावर गेलो नाही. बाबा म्हणतात डोंगरातली हवा चांगली. पण त्यांना भीती वाटते. मलाही वाटते. घरात कोणी बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही. मला आता घाबरत बसायचं नाहीये. ते पाणी कसं येतं, कसं परत जातं, त्यात काय काय राहतं, ते मला शिकायचंय."

ओकामोतो-साननी मान डोलावली. मग तिच्या कपात चहा ओतला. माझ्या कपात नाही, तिच्या.

येताना गाडीत मुक्ता झोपली. मी मधल्या वाटेकडच्या सीटवरून तिच्या डोक्यावरून बाहेर पाहायचा प्रयत्न केला. अंधारून आलं होतं आणि काचेत आमचेच चेहरे दिसत होते. खरं सांगतो, मला त्या वेळी तिचा अभिमान वगैरे वाटला नाही. ते नंतर. तेव्हा नुसतं लागलं. एवढी वर्षं मी तिला जपत होतो असं मला वाटत होतं, आणि ती मला जपत होती.

डिसेंबरच्या शेवटी खोकं आलं. आत कागदात गुंडाळलेली सात वाळलेली फळं, वर साखरेसारखी पांढरी साय आलेली, आणि चिठ्ठी: ओतोसानची तीन वाऱ्यात पडली, घारींनी नेली. बाकीची मुक्ता-सानच्या काड्यांनी धरून ठेवली. आम्ही तिघांनी एकेक खाल्लं. शुभदा म्हणाली, खजुरासारखं लागतं. मी आणखी एक खाल्लं. मग म्हटलं, अर्ज कधीपर्यंत भरायचाय? मुक्ताने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. तारखेभोवती लाल गोल केव्हाचा होता. मी रोज त्याच्यासमोर उभा राहून दाढी केलेली. मी तेव्हाच सही केली आणि पिशवी घेऊन खाली गेलो. झाडाला तेव्हा फुलं नव्हती.

परीक्षा झाली, निकाल लागला, आणि मार्चभर आमचं घर म्हणजे नावांचा कारखाना झालं. वसतिगृहात प्रत्येक वस्तूवर नाव लागतं. मोज्यांवर, चमच्यावर, कपडे वाळत घालायच्या प्रत्येक चिमट्यावर. मी चिमट्यांवर नावं लिहिली. चाळीस चिमटे. ते काम माझ्याकडून कोणी काढून घेतलं नाही, म्हणजे मीच घेऊ दिलं नाही. एका चिमट्यावर मी देवनागरीत 'मुक्ता' लिहिलं. शुभदा म्हणाली, तिथे कोणाला वाचता येणार आहे? मी म्हटलं, तिला येतं ना थोडं.

तो चिमटा अजून तिच्याकडे आहे. आता ती उत्तरेकडे असते, त्याच किनाऱ्यावर, जिथलं पाणी मी टीव्हीवर बंद केलं होतं. समुद्रतळावरच्या मातीचे नमुने काढायचं काम. मागच्या महिन्यात फोटो आला, बोटीच्या दोरीवर हातमोजे वाळत घातलेले, आणि त्यातल्या एकाला तो चिमटा. अक्षरं जवळजवळ पुसलीत. मी ऑफिसात सगळ्यांना दाखवला. त्यांना वाटलं, हातमोजे दाखवतोय.

पण मी एप्रिलचं सांगत होतो. तिला पोचवायला गेलो तो दिवस. खोलीत पलंग, टेबल, कपाट. शुभदाने चादर घातली, मुक्ताने ती काढून पुन्हा आपल्या पद्धतीने घातली. पॅसेजमध्ये नवीन मुलांचे आईबाप बूट घालत होते, वाकून नमस्कार करत होते, भराभर निघत होते. निरोप लांबवायचा नाही अशी इथली पद्धत. आम्ही दारात आलो. ओकामोतो-सान एप्रनला हात पुसत आल्या. मी भाषण तयार केलं होतं. कागदावर, जपानीत, तीन वाक्यं: मुलगी आमची आहे, तुमच्यावर सोपवतो, काळजी घ्यावी. कागद खिशातच राहिला.

ओकामोतो-सान माझ्याकडे बघत राहिल्या. मग, चेहरा अगदी गंभीर ठेवून, म्हणाल्या, "ओतोसान, तुम्हालाही विचारते. काय खायला चालत नाही?"

मी खिशातला कागद चाचपला.

"मासे," मुक्ता म्हणाली.

"सकाळी आपलं आपण उठता येतं?"

"नाही. आई उठवते. दोनदा."

शुभदा फस्सकन हसली आणि लगेच, पदर नव्हता म्हणून, जॅकेटच्या बाहीने डोळे पुसायला लागली.

"आणि रडू आलं तर कोणाला सांगता?"

मी खाली बुटांकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर जगात कोणालाच ठाऊक नाही, अशी माझी खात्री होती.

"कोणाला सांगत नाहीत," मुक्ता म्हणाली. "कचऱ्याची पिशवी घेऊन खाली जातात. तिथे झाड आहे, त्याच्यामागे उभे राहतात. कचऱ्याचा दिवस नसला तर पिशवी परत वर घेऊन येतात. भूकंपाच्या दिवशी आणली होती. मी इकडे यायचं म्हटलं त्या दिवशीही आणली."

आणि मग माझ्याकडे वळून, मराठीत, "हो ना बाबा?"

मी हो म्हणालो. निदान मान तरी हलवली.

ओकामोतो-सान थोडं वाकल्या. "आमच्या इथली कचऱ्याची खोली मागच्या बाजूला आहे, ओतोसान," त्या म्हणाल्या. "जाऊन या. गाडीला वेळ आहे."

मी मागच्या बाजूला गेलो. हातात पिशवी नव्हती. जाळीची खोली, विटा, धुऊन उलटी घातलेली बादली, सगळं आमच्यासारखंच. झाड मात्र नव्हतं. खोलीच्या पुढे टेकडी संपत होती आणि खाली, लपायला काहीही मधे नसलेला, समुद्र होता. थोड्या वेळाने मागून पावलं वाजली आणि मुक्ता येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. आम्ही दोघं गाडीची वेळ होईपर्यंत तिकडे बघत होतो.